अर्जदाराच्या पतीचा पत्ता

माझा नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, आणि समोरची चष्मेवाली अधिकारीबाई मला सांगत होती की तुमचा नवरा तुमच्याबरोबर राहत नाही.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, बाईंची गफलत झाली असणार, दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली असेल. सकाळपासून माझ्यासारख्या कितीजणी येऊन गेल्या असतील, माणूस आहे, चुकतं.

"बाई, हा काय, इथे बसलाय की," मी म्हटलं. "रोज ह्याच्या घोरण्यापायी उशीखाली डोकं घालून झोपते मी. राहत नाही म्हणजे काय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "ही पालिकेची रहिवासी नोंद," त्या म्हणाल्या. "तुमच्या खोलीवर एकच नाव आहे, तुमचं. तुमच्या यजमानांचं नाव चौदा नंबरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आहे. तुमच्या लग्नाआधीपासून तिथेच आहे. कधी बदललेलंच नाही."

चौदा नंबर, चौथा मजला म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं घर. मी वळून नवऱ्याकडे बघितलं. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात, चाळिशीला टेकला तरी धाकटाच, आणि मीही तेच म्हणते. धाकटा आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ह्याचे कान लाल झाले की काहीतरी लपवलेलं असतं, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक आहे.

आता मला एवढा धक्का का बसला ते सांगते. हा नियम मला तोंडपाठ आहे हो! मी इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करते. वाफेच्या इस्त्रीतून निघालेल्या चादरी दोघी-दोघींनी चार कोपरे धरून झटकायच्या आणि घड्या घालायच्या, दिवसभर तेच. हात कामात, तोंड मोकळं. तिथे आम्ही बऱ्याचजणी बाहेरून आलेल्या आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच प्रश्न, इथले नागरिक आपण कधी होणार? तर ते मी सांगायचे. नवरा नागरिक असेल तर पाच वर्षं थांबायला नको, तीन वर्षांनी अर्ज टाकता येतो. पण ती तीन वर्षं लग्नाच्या तारखेपासून नाहीत गं बायांनो, कायम रहिवासाचं कार्ड हातात पडलं त्या तारखेपासून. आणि त्या तिन्ही वर्षांत नवरा नागरिक असला पाहिजे. तो काल झाला आणि आज बायको अर्ज घेऊन उभी, असं चालत नाही. आणि तीन वर्षं दोघं एका घरात नवराबायको म्हणून राहिलेले पाहिजेत. वर आणखी एक गंमत, तीन वर्षं भरायच्या नव्वद दिवस आधीच अर्ज टाकता येतो, हे तर माझ्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. माझ्यासमोर चादर धरणारी बाई लग्नापासून मोजत बसली होती, सात महिने आधीच अर्ज टाकून तोंडावर आपटली असती. मी थांबवलं. तेव्हापासून धोबीखान्यात मला वकीलीणबाई म्हणतात.

आणि ह्या वकीलीणबाईच्याच घरात हा घोळ. जगाला अक्कल वाटत फिरले आणि माझ्याच पायाखाली काय जळतंय ते मला दिसलं नाही.

खरं सांगते, मला माझ्यासाठी ह्या नागरिकत्वाची काही घाई नव्हती. कार्डावर मी जन्मभर राहिले असते. पण कार्डवालीला आपल्या आईला बोलावून घेता येत नाही, ते नागरिकालाच येतं. माझी आई तिकडे मामांच्या घरी, वरच्या खोलीत एकटी राहते. वडील गेल्यापासून तिला मीच आणि मला तीच. तिचे गुडघे कामातून गेलेत. मागच्या थंडीत ती जिन्यात पडली आणि दोन तास तिथेच पडून राहिली, कारण खाली सगळे टीव्ही बघत होते आणि तिला हाक मारायची लाज वाटली. हाक मारायची लाज वाटली! ते ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं, बास, आता हिला इथे आणायचं. मला नागरिकत्व मिळालं की शपथ, शपथ झाली की दुसऱ्या दिवशी आईचा अर्ज. "वर्षाच्या आत तू माझ्याकडे," मी तिला सांगून टाकलं होतं. तारखेसकट सांगितलं होतं.

तर चष्मेवाल्या बाई. चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या असल्या तरी वाईट नव्हत्या हो. त्या म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. पुष्कळ लोक घर बदलतात आणि नोंद बदलायची विसरतात. यजमान समोरच आहेत. ह्या निवेदनावर त्यांनी सही करावी, की अमुक तारखेपासून मी पत्नीबरोबर ह्या पत्त्यावर राहतो. नोंद दुरुस्त करून घेऊ आणि तुमचा अर्ज पुढे जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. विसरला असेल मेला! लाइटचं बटण बंद करायला विसरतो, आंघोळीनंतर टॉवेल पलंगावर विसरतो, पालिकेत जायचं विसरणं हे तर त्याच्याकडून घडण्यासारखंच. घरी जाऊन त्याची चांगली हजामत करायची असं ठरवून मी पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने पेन घेतलं नाही.

"अरे, कर ना सही," मी म्हटलं. "बाईंना दुसरी कामं आहेत."

"बाई," धाकटा घसा खाकरून म्हणाला, "ही नोंद बदलली, तर तिकडच्या घराचं काय होतं?"

"तो विभाग वेगळा आहे," बाई म्हणाल्या. "पण नोंद सगळ्यांची एकच. त्यांना कळणारच."

तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला. मग तो अगदी हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी दादाकडे राहतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला. "नीट विचार करून बोला," त्या म्हणाल्या. "तुम्ही पत्नीबरोबर राहत नाही?"

"अधूनमधून जातो," माझा नवरा म्हणाला.

अधूनमधून! अहो, सकाळी ह्याच्या शर्टाचं बटण मी ह्याच्या अंगावरच शिवलं होतं, दातांनी दोरा तोडून. तीन वर्षं ज्याचे ग्रीसने काळे झालेले पंजे मी लिंबू चोळून धुतले, तो अधूनमधून येतो? मग मी कोण झाले? माझी दातखीळच बसली. मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नव्हते, त्या खुर्चीत मात्र एकही सापडेना.

बाई माझ्याशी बोलत होत्या. त्या म्हणत होत्या की असं असेल तर तीन वर्षांचा नियम तुम्हाला लागत नाही. कार्डाला पाच वर्षं झाली की तुम्ही स्वतःच्या बळावर अर्ज करू शकता, त्यात नवऱ्याचा काही संबंध येत नाही. "किंवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला, "नोंद चुकीची आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर तीस दिवसांत दोन शेजाऱ्यांची निवेदनं आणा. आमचा माणूस येऊन चौकशी करेल. त्याला यजमानांची सही लागत नाही." मग आवाज जरा खाली आणून, माझ्याकडेच बघत, "आणि एक लक्षात ठेवा. आम्ही अर्ज टाकला त्या दिवसापर्यंतची तीन वर्षं बघतो. त्यानंतर घरात काय झालं ते बघत नाही."

मी फॉर्म घेतला. 'अर्जदाराच्या पतीचा पत्ता' अशी एक ओळ त्यावर होती आणि पुढे रिकामी जागा.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात आल्यावर माझी जीभ परत आली.

"काय बोललास तू आत?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"हळू? अधूनमधून येणाऱ्या पाहुण्याने मला हळू बोल सांगायचं? तीन वर्षं माझ्या ताटात जेवून तू दादाकडे राहतोस?"

"ऐकून तर घे," तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ टेकून त्याने सगळं सांगितलं. दादांचं घर पालिकेचं. पालिका माणसं मोजून खोल्या देते. पाच माणसांना तीन खोल्या, चार असली तर दोन. दादा, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली, झाले चार. पाचवा हा. लग्नानंतर आम्ही दोघंही तिथेच राहत होतो, माझं कार्ड आलं ते त्याच पत्त्यावर. दीड महिन्याने आम्ही आमची खोली घेतली, मी माझं नाव इकडे आणलं, आणि ह्याने आपलं तिथेच ठेवलं. कारण आम्ही निघालो त्याच आठवड्यात जाऊबाईंची आई तिथे राहायला आली, आमच्याच रिकाम्या झालेल्या खोलीत.

"मग त्यांचं नाव लावायचं होतं पाचवं," मी म्हटलं.

"बसत नाही नियमात. भाऊ बसतो, सासू बसत नाही. माझं नाव काढलं की खोली जाते. वर तीन वर्षं खोटी नोंद ठेवली म्हणून दादाला जाब द्यावा लागेल. आणि ती म्हातारी जाणार कुठे, तू सांग."

"आणि माझी म्हातारी?"

तो शर्टाचं बटण चाचपायला लागला.

"बोल ना. वहिनींची आई ती आई, आणि माझी कोण? वाटेवर पडलीय?"

"दादाने मला नऊ वर्षांचा असल्यापासून वाढवलंय," तो म्हणाला. "त्याच्या डोक्यावरचं छप्पर मी नाही काढू शकत. दोनच वर्षं तर आहेत गं. बघता बघता जातील."

माझा हात उठला होता. खाली घेतला, कारण समोरच्या बाकावरचं एक पोर आमच्याकडे टकामका बघत होतं. पण त्याच क्षणी मला आठवलं, आमची खोली घेताना धाकटा काय म्हणाला होता. "तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, उद्या तुला कागदपत्रांना उपयोग होईल." मी हरखले होते! आईला फोन करून सांगितलं होतं, आई, असा नवरा शोधून सापडणार नाही, घर माझ्या नावावर केलं त्याने. धोबीखान्यात आठवडाभर मिरवलं होतं. ह्याची पत्रं दादांच्या पत्त्यावर येतात तर मी म्हणायचे, भावाला किती धरून आहे. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी कौतुक करत बसले होते. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण इथे डोळे मीच मिटले होते.

"वहिनींना माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत होतं."

"दादांना?"

"त्यानेच तर सांगितलं की ह्या मुलाखतीत एवढं काही बघत नाहीत."

म्हणजे सगळं घर एका बाजूला. रविवारी सगळे एका टेबलाला बसून मला विचारायचे, "काय वकीलीणबाई, किती दिवस राहिले?" आणि मी बोटं मोजून सांगायचे. मी त्याला तिथेच सोडून तरातरा चालायला लागले आणि थेट चौदा नंबर गाठला.

तिथली लिफ्ट बंद होती. लिफ्ट दुरुस्त करणं हा माझ्या नवऱ्याचा धंदा, आणि ज्या घरात तो 'राहतो' तिथली लिफ्ट चार महिने बंद. चार जिने चढता चढता मी जाऊबाईंना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. आज मी कुणाची भीडभाड ठेवणार नव्हते.

जाऊबाईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघितल्याबरोबर त्यांना कळलं. धाकट्याने फोन केला असणार. त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, पण त्यांनी माझा हात धरला आणि पुटपुटल्या, "ये, बस, पाणी पी. आपलेच दात आणि आपलेच ओठ गं. बाहेर कुणाकडे बोलायचं नाही."

"दात तुमचे, ताई," मी म्हटलं. "ओठ माझे. रक्त माझंच आलंय."

"हळू. आई जागी आहे."

आणि आतून आवाज आलाच. "कोण, धाकटी का? ये गं आत! झालं का तुझं काम?"

मी आत गेले. तीन वर्षांत त्या खोलीत मी शंभरदा गेले असेन, पण ती खोली आज पहिल्यांदा बघितली. खिडकीपाशी पलंग, पलंगाला धरून उठायला दादांनी बसवलेला लोखंडी दांडा, हाताशी येईल अशी घंटी. मावशी, म्हणजे जाऊबाईंची आई, पलंगावर बसल्या होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या, पाय उशीवर घेतलेले. बेल वाजवली की मुलगी धावत येणार. माझी आई जिन्यात पडून होती तेव्हा तिच्याजवळ घंटी नव्हती.

"झाली ना नागरिक?" मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "मी सकाळपासून देवाला सांगतेय, पोरीचं काम कर. आता तुझी आई आली की आम्हा दोघी म्हाताऱ्यांचं छान जमेल बघ. मला बोलायला कुणी नाही गं इथे."

त्यांना काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं की कळत होतं. दारात उभ्या असलेल्या जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि मान हलवून मला खुणावत होत्या, नको, बोलू नकोस. जुळवून आणलेलं सगळं मी गिळून टाकलं.

"अजून थोडं राहिलंय, मावशी," मी म्हटलं आणि बाहेर पडले. दार लावता लावता जाऊबाई कुजबुजल्या, "तुझे उपकार कसे फेडू?" मी उपकार केले आहेत की नाहीत हे माझंच मला ठरवायचं होतं.

घरी आले तर धाकटा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून चहा करत होता. दोन कपांचा. माझा कप त्याने आधी भरला, साखर बरोबर घातली, ढवळून पुढे केला. हा माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी कधीच पातेलं डोक्यात घातलं असतं.

मी कप घेतला नाही. कपाटावरची बॅग खाली काढली आणि त्याचे शर्ट भरायला लागले.

"हे काय?"

"तुझं सामान."

"वेडी आहेस का? कुठे जाऊ मी?"

"घरी," मी म्हटलं. "चौदा नंबर, चौथा मजला. तुला कुणी विचारलं तर तूच सांगतोस ना, मी तिथे राहतो म्हणून? मग राहा. मी तुला खोटारडा पाडणार नाही."

"अगं, रागात बोललीस, झालं. आता पुरे."

"मी रागात नाही," मी म्हटलं, आणि ते ऐकून तो घाबरला. आरडाओरडा त्याच्या सवयीचा, ही शांतता त्याने कधी बघितली नव्हती. मीही बघितली नव्हती. मोजे, दाढीचं सामान, थंडीची टोपी, सगळं मी घड्या घालून नीट भरलं, धोबीखान्यात घालते तसं. तो दोनदा माझ्या वाटेत येऊन उभा राहिला आणि दोनदा बाजूला झाला. शेवटी दारात म्हणाला, "मी त्या बाईंसमोर दुसरं काय बोलणार होतो, सांग."

"खरं," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

दार लावल्यावर मात्र मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. मला वाटलं होतं तो परत येऊन बेल वाजवेल. पायऱ्यांवर त्याची पावलं खाली खाली जात ऐकू आली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

दिवेलागणीला फोन वाजला. जाऊबाई. आवाजात दुपारचा मऊपणा नव्हता.

"अगं, तू ह्याला बॅग देऊन पाठवलंस इकडे?"

"हो."

"अगं पण इथे कुठे झोपणार तो? मुली एका खोलीत, आम्ही एका खोलीत, आई तिकडे. इथे जागा कुठे आहे?"

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाच्या नावाने ती खोली मिळाली, त्या माणसाला त्या घरात पाठ टेकायला जागा नाही. आणि हे त्या मला विचारत होत्या, अगदी भाबडेपणाने!

"ताई, मला कसं माहीत असणार?" मी म्हटलं. "तुमच्या घरात कोण कुठे झोपतं ते मी कधी विचारलंय का?" आणि फोन ठेवला.

तो ठेवते न ठेवते तोच परत वाजला. आई. दिवसभर तिने केला नव्हता, मुलाखतीत व्यत्यय नको म्हणून.

"झालं का गं? सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलेय."

"आई, ऐक ना."

"जावयांना माझा आशीर्वाद सांग. त्यांच्यामुळे तीन वर्षांत झालं, नाहीतर पाच लागली असती ना? बघ, तू सांगितलेलं सगळं पाठ आहे मला."

मला ओठ चावावा लागला. "आई, थोडी अडचण आलीय. कदाचित पाचच लागतील. म्हणजे अजून दोन."

पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं फोन कटला. "आई? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. मग जिन्यातून हाक मारायची लाज वाटली असेल त्याच आवाजात, "मी खोली देऊन टाकली गं."

"म्हणजे?"

"मामाच्या पोराचं लग्न ठरलंय ना. त्यांना खोली हवी होती, पण मामा तोंड उघडून म्हणत नव्हता बिचारा. तू मुलाखतीची तारीख कळवलीस तेव्हा मीच म्हटलं, घ्या, माझी लेक मला नेतेय. त्यांनी कालच रंग लावायला घेतला. माझी खाट खाली जिन्याजवळ ठेवलीय, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न, म्हणून." ती थांबली. "आता त्यांना परत कसं मागू? मग मी राहू कुठे गं?"

तिला तारखेसकट सांगणारी मीच. वकीलीणबाई. बाकी सगळ्यांवर मी दिवसभर आग पाखडली होती, पण आईला त्या जिन्याजवळ माझ्या बोटांनी मोजलेल्या तारखेने नेऊन ठेवलं होतं.

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. "मी बघते."

"काय बघणार तू?"

"बघते म्हटलं ना."

मी फोन ठेवला. फॉर्म टेबलावर होता. मावशींचा हात माझ्या गालावर आला तसा आठवला. मला त्यांचं वाईट वाटतंय का? वाटतंय. रात्रभर वाटेल, जन्मभरही वाटेल. त्यांच्याजवळ घंटी वाजली की धावणारी लेक आहे, खोली गेली तरी ती लेक जात नाही. माझ्या आईजवळ तीही नाही. 'अर्जदाराच्या पतीचा पत्ता' ह्या ओळीपुढे मी आमच्या खोलीचा पत्ता लिहिला, ठळक अक्षरात, आणि चपला घालून समोरचं दार वाजवलं.

समोर एक शिंपीणबाई राहतात. गळ्यात मोजायची पट्टी घालूनच त्यांनी दार उघडलं. मी कागद पुढे केला आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी दिव्याखाली धरून सगळा वाचला, दोनदा.

"आता ह्यावर मी काय लिहायचं?"

"तुम्ही रोज बघितलंय तेच. की माझा नवरा तीन वर्षं माझ्याबरोबर ह्या खोलीत राहिला."

"राहिला तर," त्या म्हणाल्या. "माझ्या दारावरूनच तर जायचा यायचा रोज. पण मघाशी बॅग घेऊन उतरताना दिसला मला. आता कुठे आहे तो?"

"आताचं कुणी विचारलेलं नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात पेन दिलं.